बावीस, पण कोणती?

परक्या मुलखात पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने कशाकशाला हात लावू नये याची जी यादी शहाण्या माणसांनी करून ठेवली आहे, तीत बंदुकीचा उल्लेख करण्याचा प्रसंग आपल्याकडे सहसा येत नाही. अमेरिकेत मात्र तो येतो, आणि तोही शेजारणीच्या स्वयंपाकघरात, कॉफीचे पेले एका बाजूला सारून जुन्या चादरीत गुंडाळलेली वस्तू टेबलावर उलगडली जात असताना. गेल्या वर्षी पिट्सबर्गजवळच्या एका उपनगरात मुलीकडे माझा मुक्काम होता. शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, बोलण्यात चोख आणि वागण्यात आर्जवी. त्यांचे आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला होते, आणि त्यांच्या पश्चात उरलेल्या मोजक्या चीजवस्तूंत ही रायफल होती. माझी हयात पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली हे मुलीने त्यांना कधीतरी सांगून ठेवले होते, आणि यंत्रांचा जाणकार तो बंदुकीचाही जाणकार असणारच, या सार्वत्रिक गैरसमजापायी मला हे बोलावणे आले होते.

चादर उलगडू लागली तशी मुलगी कानाशी पुटपुटली, "बाबा, बघा हवं तेवढं, पण हात मागे बांधून." तिचे म्हणणे निव्वळ भित्रेपणाचे नव्हते. पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाने, शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद सोडल्यास, बंदूक किंवा काडतूस आपल्या ताब्यात बाळगण्यास तेथील संघराज्याच्या कायद्याची साफ मनाई आहे. ज्या देशात माणशी एकाहून अधिक बंदुका आहेत असे आपण ऐकत आलो, त्याच देशात पाहुण्यापुरता असा बंदोबस्त असावा याची मला मौज वाटली. पण कायदा तो कायदा. पुढची सारी हकिगत त्यामुळे हात पाठीशी बांधून पाहिलेली आहे, आणि आयुष्यभर वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्याविषयी मत न देणाऱ्या माणसाला ती शिक्षा थोडीथोडकी नव्हती.

रायफल दिसायला देखणी होती. नळी गोल नसून अष्टकोनी. नळीखाली तिला समांतर असे काडतुसांचे नळकांडे. त्या नळकांड्यावर पुढेमागे सरकणारी, कड्यांसारख्या खाचा असलेली लाकडी मूठ. मागे उघडा घोडा. आणि दस्त्याच्या टोकाला बीजेच्या कोरीसारखी आत वळलेली पोलादी पट्टी. ही मूठ मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि घोडा चढतो. पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत बसून दार बंद होते. सायकलच्या पंपासारखी ही हालचाल, म्हणून तिला पंप म्हणायचे.

"ही बावीसची आहे," बाई म्हणाल्या, "पण वडिलांच्या वेळेपासूनच हिचं काहीतरी बिनसलंय. दोन-तीन काडतुसं जातात आणि मग सगळं अडकतं. कधी चाप ओढला तरी नुसताच टक् आवाज होतो. आणि उडालंच तर पुंगळी फाटते. माझ्या भावाच्या तोंडावर एकदा काजळी उडाली, तेव्हापासून ती माळ्यावरच आहे." भावाने लहानपणी जमवलेल्या पुंगळ्या त्यांनी मुरंब्याच्या बरणीत जपून ठेवल्या होत्या. त्या बरणीचे महत्त्व त्या वेळी आम्हां कोणालाच कळले नाही.

बावीस हा आकडा आमच्या पिढीतल्या पुष्कळांना परिचयाचा आहे. कॉलेजात एन. सी. सी. केलेल्या कोणालाही विचारा, तो "पॉइंट टू-टू" एवढेच म्हणेल आणि एखाद्या कॅम्पातल्या फायरिंग रेंजवर, पोटावर पालथे पडून मारलेल्या पाच गोळ्यांची कहाणी सांगू लागेल. पुलथ्रूला बांधायची फ्लॅनेलची चिंधी चार इंच बाय दोन इंच असावी लागते, हेही तो न विसरता सांगेल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले, ते याच बावीसच्या काडतुसावर. इंचाचे बावीस शतांश, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर, एवढा त्याच्या गोळीचा व्यास. आणि हा आकडा एकदा कानावर पडला की माणूस पुढे काही विचारीत नाही.

वस्तुतः तेथेच विचारायला हवे. कारण बावीस हे नाव नव्हे, आडनाव आहे. आणि गावातल्या सगळ्या कुलकर्ण्यांना एकच पत्र टाकले तर जो घोटाळा होईल, तोच या आडनावाने होत आला आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी करण्यासाठी जे चिमुकले काडतूस बनविले ते या कुळाचे मूळ. या काडतुसाला मधोमध टोपी नसते. तळाची पत्र्याची कड दुमडून जी पोकळ गोट तयार होते, तीतच ठिणगी पाडणारे मिश्रण पसरलेले असते, आणि फायरिंग पिन त्या गोटेवर कडेला आपटून तो पत्रा चिरडते. म्हणून ही रिमफायर. या कुळात १८५७ साली स्मिथ अँड वेसनच्या पिस्तुलासाठी शॉर्ट जन्मले. १८७१ च्या सुमारास लाँग. आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल काढले, जे आज कुसाळेच्या हातात आहे. ही तिघे सख्खी भावंडे. अंगाची जाडी एक, लांबी निराळी. पण १८९० साली विंचेस्टर कंपनीने विंचेस्टर रिमफायर म्हणून जे चौथे काडतूस आणले ते चुलत घराण्यातले. आकडा तोच बावीस, मात्र पुंगळी जाड, आणि गोळी नाकाने चपटी, तिचे बूड पूर्ण जाडीनिशी पुंगळीच्या आत बसविलेले. दुकानदाराच्या फळीवर चौघांच्या डब्यांवर आकडा तेवढा सारखा.

हे सारे मला पुढे कळले. त्या दिवशी एवढेच ठरले की चाळीसेक मैलांवर, डोंगराच्या कुशीत एक वृद्ध कारागीर जुन्या बंदुका दुरुस्त करतात, त्यांच्याकडे जावे. रायफल आणि बरणी बाईंच्या गाडीत. मी आणि मुलगी मागून आमच्या गाडीत, कायद्याचे सोवळे सांभाळीत.

आपल्याकडे एके काळी गावोगाव शिकलगार असत; तलवारीला पाणी देणे आणि पात्यावरचा गंज उतरविणे हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता, आणि आज त्यांची घरे सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यावर गुजराण करतात. या कारागिरांच्या दुकानात पाऊल टाकताच मला त्यांची आठवण झाली, ती वासाने. तेल, रॉकेल, जुने लाकूड आणि लोखंडाचा कीस यांचा जो संमिश्र वास टूलरूमच्या माणसाला देवघरातल्या धुपासारखा वाटतो, तो येथे भरून राहिला होता. भिंतीवर कानशींची रांग, खिडकीशी छोटा लेथ, आणि स्क्रूड्रायव्हर किती म्हणावेत! मी सत्तरपर्यंत मोजले. प्रत्येकाचे टोक निराळ्या जाडीचे, पाचरीसारखे निमुळते नव्हे तर दोन्ही बाजूंनी समांतर घासलेले. जुन्या बंदुकीच्या स्क्रूची खाच कागदासारखी अरुंद असते. बाजारी पेचकस तीत घातला की तो वर चढतो आणि खाचेचे ओठ फाटतात. "बंदुकीवर आधी किती लोकांनी हात साफ केला आहे, ते मी स्क्रूंवरून ओळखतो," ते म्हणाले. बाईंच्या रायफलीचे दोन स्क्रू फाटलेले होते. बाईंनी नजर चुकवली. बहुधा वडील आठवले असावेत.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती मात्र ओळख पटविण्याची नव्हती. नळीचे तोंड वाळूच्या पेटीकडे करून त्यांनी मूठ मागे ओढली, उघड्या पोकळीत करंगळी घालून चाचपली, आणि मग नळीखालच्या नळकांड्यातील आतली पितळी नळी बाहेर ओढून नळकांडे उलटे केले. काही पडले नाही. कोणीही येथे थांबला असता. पण त्यांनी एक लाकडी काडी आत सारली, ती जेथपर्यंत जायला हवी तेथपर्यंत गेली नाही, आणि दस्त्यावर मुठीने दोन ठोके दिल्यावर एक काडतूस घरंगळत टेबलावर आले. हिरवट कळा चढलेले, जिवंत. नळकांड्याला मधोमध पोचा पडला होता आणि त्यात ते अडकून बसले होते. चाळीस वर्षे माळ्यावर, नातवंडांच्या खेळण्यांच्या खोक्याशेजारी! बाई खुर्चीवर बसल्या. कारागिरांनी ते काडतूस एका डबीत ठेवले, डबीवर काही लिहिले, आणि जणू रोजचेच असावे तसे पुढच्या कामाला लागले. नळकांड्याच्या बंदुकीला कधीही रिकामी मानू नये, एवढेच ते म्हणाले.

मग त्यांनी बरणी मागितली. बरणीतल्या पुंगळ्या टेबलावर पसरून, डोळ्याला भिंग लावून ते जे वाचू लागले, ते पाहताना मला नाडीपरीक्षेची आठवण होत होती. पुंगळीच्या गोटेवर पिनेचा जो टोचा उमटतो तो त्यांनी आधी पाहिला: काहींवर तो ठळक आणि आयताकृती, काहींवर नुसता ओरखडा. म्हणजे घोड्याचा आघात कधी पुरेसा, कधी अपुरा. पिनेच्या वाटेत चिकटा असणार. मग अंग. धडधाकट पुंगळी सरळ दंडगोल असते. या पुंगळ्या मात्र तळाशी बारीक आणि पुढे फुगीर होत्या, लहान मुलाने फुंकर मारून फुगविल्यासारख्या, आणि त्यांतल्या निम्म्या उभ्या चिरल्या होत्या. चिरेच्या दोन्ही बाजूंना काजळीचा पट्टा. वायू पुंगळीच्या बाहेरून मागे परतला होता याची ती सही होती. भावाच्या तोंडावर उडालेली काजळी हीच. पुंगळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही ज्या घरात राहिली ते घर हिचं नव्हतं. अंगरखा मापाचा नाही." एवढे बोलून त्यांनी भिंग खाली ठेवले. निदान त्यांच्या मनात तेव्हाच झाले होते असे मला वाटते, पण पुराव्यावाचून निकाल न देण्याची शिस्त त्यांच्या अंगी होती.

ओळख पटविण्यात अडचण अशी की बंदुकीवरचे ठसे नाहीसे झाले होते. कोणे एके काळी कोणा हौशी माणसाने तिला नवा निळा मुलामा देण्यापूर्वी चाकावर इतकी घासली होती की नळीवरची अक्षरे पार पुसली गेली होती, आणि मागे दस्त्यात शिरणाऱ्या पोलादी पट्टीवर जेथे मॉडेलचे नाव असते तेथे दोन-तीन आडव्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. चकाकीच्या हौसेपायी दस्तऐवज खरवडून टाकण्याची ही वृत्ती सार्वत्रिक आहे. आपल्याकडे शिलालेखांना शेंदूर फासतात, तिकडे बंदुकींना पॉलिश करतात.

ठसे नसले की आकार बोलतो. घोडा उघडा आहे, म्हणजे जॉन पेडरसनने आखलेली आणि १९०९ ते १९३६ पर्यंत निघालेली रेमिंग्टनची बारा नंबरची पंप रायफल नव्हे. तिचा घोडा झाकलेला असतो. (त्या कंपनीची एक गंमत त्यांनी जाता जाता सांगितली: १९२१ पासून ती नळीवर महिन्याचे अक्षर ठोकू लागली आणि बारा महिन्यांची बारा अक्षरे ओळीने लावली की 'ब्लॅकपावडर' हा शब्द होतो, शेवटी डिसेंबरसाठी एक फुलीचे अक्षर जादा. जानेवारीला बी, फेब्रुवारीला एल.) खाली सुटी पेटी नाही, म्हणजे १९०३ ची सॅव्हेज नव्हे. कोल्टची लाइटनिंग १८८७ ते १९०४ या काळातली, पण तिच्या कोठ्याची, म्हणजे आतली यंत्रणा सामावणाऱ्या पोलादी अंगाची, घडण निराळी. मार्लिन आणि स्टीव्हन्स त्यांनी हाताच्या एका फटकाऱ्याने बाद केल्या. अष्टकोनी चोवीस इंची नळी, कोरीची पट्टी, आणि डाव्या अंगाला बोटांनी फिरवायचा तो जाड बोंडाचा स्क्रू, जो सैल केला की बंदुकीचे दोन तुकडे होतात: ही विंचेस्टरची १८९० सालची. पुढचा तपशील त्यांनी एखाद्या जुन्या कारकुनाने वतनाची कुळकथा सांगावी तसा सांगितला. पहिले काही हजार नग अखंड, दोन तुकडे न होणारे; १८९२ पासून सुटे होणारे; आणि १९०८ च्या सुमारास बोल्टला अडविणाऱ्या खाचा, ज्या आधी आत लपलेल्या असत, त्या कोठ्याच्या माथ्यावर बाहेरून दिसू लागल्या. बाईंच्या रायफलीवर त्या दिसत होत्या. आजोबांनी ती १९०८ नंतर घेतली, हे ठरले. कारखान्याची जुनी दप्तरे वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयात आहेत, परंतु या मॉडेलची नोंद सुमारे सव्वातीन लाख क्रमांकापर्यंतच सापडते आणि बाईंचा क्रमांक त्याच्या बराच पुढचा. तेव्हा तारीख नाही, काळ तेवढा.

पण मॉडेल कळले म्हणून काडतूस कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच होता. १८९० ची रायफल शॉर्ट, लाँग, विंचेस्टर रिमफायर आणि पुढे १९१९ पासून लाँग रायफल अशा काडतुसांसाठी निघाली; पण प्रत्येक नग त्यांतल्या एकाच काडतुसाचा. एकीला दुसरे चालत नाही. तिची धाकटी बहीण १९०६ ची, वीस इंची गोल नळीची, ती काही वर्षांतच तिन्ही सख्ख्या भावंडांना सामावून घेऊ लागली. आणि १९३२ साली दोघींची जागा घेणारी बासष्ट नंबरची रायफलही तशीच उदार. लोकांना या उदार बहिणींची सवय झाली, आणि थोरलीचा सोवळेपणा विसरला गेला.

ठसा पुसलेला, तेव्हा कारागिरांनी जे केले ते पाहून मला हात मागे बांधलेले असल्याचे विस्मरण झाले. नळीचे माप घेण्यासाठी त्यांनी नळीचाच साचा पाडला. बंदूक सुटी करून, बोल्ट बाजूला काढून, चेंबर, म्हणजे नळीतले काडतुसाचे घर, स्पिरिटने पुसून कोरडे केले. चेंबरच्या किंचित पुढे नळीत कापडाचा बोळा बसविला. आणि एका पळीत सेरोसेफ नावाचा मिश्रधातू गरम पाण्यावर धरून वितळविला. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा हा धातू, चहाच्या पाण्याहूनही कमी उष्णतेला, सत्तर ते अठ्ठ्याऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाण्यासारखा होतो. तो त्यांनी चेंबरमध्ये ओतला, आणि थोड्या वेळाने पुढून गजाने हलकेच ठोकताच करंगळीच्या पेराएवढी एक चंदेरी कांडी टेबलावर आली. मी कॅलिपरकडे पाहिले. ते म्हणाले, "आत्ता नाही. एक तास."

या धातूचा स्वभाव विलक्षण आहे. निवताना प्रथम तो आकसतो, मग फुगू लागतो, आणि ओतल्यापासून बरोब्बर एका तासाने तो साच्याच्या मापाशी येतो. पुढे आठ-नऊ दिवस तो असाच किंचित फुगत राहतो. म्हणून माप घ्यायचे ते तासाने. घाई केली तर कमी, विसरलात तर जास्त.

त्या तासात कॉफी झाली आणि गोष्टी झाल्या. ही रायफल ज्याच्या डोक्यातून निघाली त्या जॉन मोझेस ब्राउनिंगचा जन्म १८५५ चा, यूटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा, बाप बंदुका घडविणारा. १८८३ साली विंचेस्टरचे बेनेट हे अधिकारी न्यू हेवनहून त्या आडगावी गेले आणि त्याच्या एका रायफलीचे हक्क आठ हजार डॉलरना घेऊन आले. येथून ते नाते सुरू झाले. या पंप रायफलीचे पेटंट जॉन आणि त्याचा भाऊ मॅथ्यू यांना २६ जून १८८८ रोजी मिळाले. ब्राउनिंग घराण्यात हकिगत अशी सांगितली जाते की नुसते आराखडे पाहून कंपनीच्या लोकांनी ही रचना चालणार नाही असा अभिप्राय धाडला, तेव्हा भावांनी उत्तर लिहिण्याच्या भानगडीत न पडता रायफलच बनवून पाठविली. टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला ही गोष्ट खोटी वाटणार नाही; ड्रॉइंग ऑफिसने अशक्य ठरविलेल्या किती वस्तू रात्रपाळीत बनल्या आहेत, याचे जाबजबाब मी स्वतः देऊ शकतो. तीच रायफल पुढे १९३२ पर्यंत बनत राहिली, आणि तिच्या दोन वारसदारांसह संख्या वीस लाखांच्या घरात गेली. मूळ कंपनीचे मात्र १९३१ साली दिवाळे निघून ती ऑलिन घराण्याच्या हाती गेली, आणि न्यू हेवनच्या कारखान्याला २००६ साली टाळे लागले.

एवढ्या रायफली गेल्या कोठे? खारी आणि ससे मारणाऱ्या शेतकरी पोरांकडे पुष्कळ गेल्या. पण बऱ्याचशा गेल्या जत्रांत. कोनी आयलंडसारख्या करमणुकीच्या ठिकाणी आणि गावोगावच्या मेळ्यांत नेमबाजीचे गाळे असत. बिडाची बदके रांगेने सरकत, आणि गिऱ्हाईक पैसे टाकून शॉर्ट काडतुसे उडवी. शॉर्टचा आवाज कमी, जोर कमी, किंमत कमी. आणि उघड्या घोड्याची ही पंप रायफल दिवसभर हजारोंच्या हाताखाली चाले. म्हणून या जातीला गॅलरी गन असेच नाव पडले. हे ऐकता ऐकता माझे मन पुसेगावच्या जत्रेत गेले. तेथे फळीवर टाचलेले फुगे आणि छऱ्याची हवाबंदूक. रुपयाला इतके छर्रे. लहानपणी मी एका गाळ्यावर अख्खा खाऊचा पैसा घालविला आणि एक फुगा फुटला नाही, तेव्हा वडील म्हणाले होते, "अरे, माशीच वाकडी केलीय त्यानं, फुग्याच्या डावीकडे वीतभर धर." तसे धरले आणि फुगा फुटला. गाळेवाल्याने माझ्याकडे असे पाहिले, की पुन्हा त्या गाळ्यावर जायची छाती झाली नाही. कारागिरांना मी हे सांगितले. ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. अमेरिकेतल्या गाळ्यांवरही तसेच असे म्हणतात.

घड्याळ वाजले. त्यांनी कांडी उचलली, कॅलिपरच्या जबड्यात धरली, आणि आकडा मोठ्याने वाचला. त्यांचा आकडा इंचात. मी सवयीने मिलिमीटर केले: सहा पूर्णांक वीस शतांश. बरणीतल्या न फुगलेल्या एका पुंगळीचे माप तळाशी पाच पूर्णांक सात दशांशाच्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरची तफावत. आमच्या धंद्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे मैल. चेंबर विंचेस्टर रिमफायरचे होते, आणि वडिलांच्या वेळेपासून त्यात लाँग रायफल घातले जात होते, कारण घरातल्या सर्वांना ठाऊक होते की ही बावीसची आहे.

आणि मग अडकण्याचे कोडेही सुटले. या रायफलीत नळकांड्यातून मागे आलेले काडतूस एका पाळण्यात शिरते आणि तो पाळणा उभा वर उचलला जाऊन काडतूस नळीच्या तोंडाशी येते. मागच्या काडतुसाला थोपवून धरण्यास वेगळा अडसर नाही, पाळण्याची लांबी हाच अडसर. पाळणा विंचेस्टर रिमफायरच्या मापाचा, आणि लाँग रायफल त्याहून सुमारे चार मिलिमीटर आखूड. म्हणजे पहिले काडतूस आत शिरले की त्याच्या मागे चार मिलिमीटर जागा उरते, तीत दुसऱ्याचे बूड डोकावते, आणि पाळणा वर जाऊ लागला की ते बूड दारात पाय घातल्यासारखे त्याला अडवते. कधी स्प्रिंग ढिली असल्याने दुसरे काडतूस मागे राही, तेव्हा चाले. म्हणून "दोन-तीन जातात आणि मग अडकतं". वडिलांनी त्यावर उपाय म्हणून पाळण्याच्या कडेला कानस मारली होती. सुदैवाने थोडीच.

बाकीचे दोष साधे होते आणि ते मी लवकर सांगून टाकतो. फायरिंग पिन जुन्या तेलाच्या चिकट्यात रुतली होती. साधे तेल वर्षानुवर्षे साचले की त्याचे लाखेसारखे कवच होते, ते रॉकेलात भिजवून निघाले. नळकांड्याचा पोचा आतून पोलादी दांडा सारून सरळ केला. चेंबरच्या काठावर, रिकामी बंदूक चटाचट वाजविण्याच्या पोरकट खेळामुळे पिनेने ठोकून बारीक बर उभा केला होता. रिमफायरमध्ये काडतूस नसले की पिन थेट नळीच्या काठावर आपटते. तो त्यांनी कानशीने घासून काढला नाही, तर गोल दांडा आतून फिरवून पोलाद पुन्हा जागच्या जागी बसविले. नळीच्या आत खड्डे पडलेले होते, त्यावर उपाय नव्हता: १९२० च्या दशकापर्यंत काडतुसांतल्या ठिणगीच्या मिश्रणात क्लोरेट असे, ते जळून मिठासारखा क्षार उरे आणि रात्रीच्या दवात गंज धरी. "आजोबांनी साफ केली असणार, पण दुसऱ्या दिवशी," कारागीर म्हणाले.

एका बाबतीत मात्र त्यांनी बंदूक परत द्यायला नकार दिला. अर्ध्यावर चढविलेला घोडा चाप ओढला तरी पडता कामा नये. त्यांनी रिकामी बंदूक वाळूकडे धरून चाप दाबला आणि घोडा पडला. खाच झिजली होती. मूळ जातीचा घोडा मिळवून, तो बसवून, पुन्हा पारखून मगच नेता येईल. ब्राझीलमध्ये रोस्सी कंपनीने बासष्ट नंबरची जी हुबेहूब नक्कल काढली, तिचे भाग स्वस्तात मिळतात. पण दिसायला सारखा भाग बसायला सारखा असतोच असे नाही, तेव्हा तो मार्ग त्यांनी नाकारला. बाईंनी तीन आठवडे वाट पाहिली.

तिसऱ्या आठवड्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. विंचेस्टर रिमफायर काडतुसे आजही अधूनमधून बनतात. त्यांच्याकडे अर्धा डबा होता. बाईंना त्यांनी बजावून सांगितले की १९५९ साली निघालेले बावीस मॅग्नम हे याच काडतुसाचे लांबविलेले, जाडीला तेवढेच, परंतु जोराला कितीतरी अधिक भावंड आहे. या चेंबरचे काडतूस मॅग्नमच्या बंदुकीत चालेल, पण मॅग्नम या बंदुकीत घालण्याचा प्रयत्न कोणी, कधीही करू नये. दुकानामागे मातीच्या बांधावर त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही पुंगळ्या सरळ, गुळगुळीत, अंगावर काजळीचा डाग नाही. खिडकीच्या चौकटीत त्या ओळीने उभ्या केल्या तेव्हा बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आजोबांना माहीत होतं. सांगायचं तेवढं राहून गेलं." कारागिरांनी एका पितळी बिल्ल्यावर काडतुसाचे पूर्ण नाव ठोकून तो तारेने चापाच्या कड्याला बांधला.

निघताना त्यांनी पाचांतली एक पुंगळी मला आठवण म्हणून पुढे केली. मी हात पुढे करणार एवढ्यात मुलगी खाकरली. त्या देशाच्या कायद्यात काडतुसाच्या व्याख्येत नुसती पुंगळीही येते. आणि आपल्याकडच्या विमानतळावर सामानात रिकामी पुंगळी सापडली तर पंचनाम्यात दिवस जातो. मी नमस्कार करून ती नाकारली. ते क्षणभर विचारात पडले, मग खणातून ती चंदेरी कांडी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ती कशाच्याच व्याख्येत बसत नव्हती.

पुण्यास परतल्यावर मी माझा जुना व्हर्निअर काढून ती मोजली. सहा पूर्णांक तेवीस शतांश भरली.